आवाज थांबले, आता कॉलेजचं काय करायचं?

ताई, उत्तर लांबणार आहे, म्हणून तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. भाऊ वीस वर्षांचा, पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, कॉट बेसिसवर राहणारा. जानेवारीत त्याची झोप उडाली. रूममेट आणि एक सर मिळून आपल्याविरुद्ध कट करताहेत असं त्याला वाटू लागलं, कानात आवाज यायला लागले, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यानं सरांबद्दल नको ते लिहिलं. महिनाभरात तुम्ही त्याला अ‍ॅडमिट केलंत. आता मे संपतोय, तो कऱ्हाडजवळ घरी आहे. आवाज बंद झालेत, गोळ्या चालू आहेत, पण दहा-अकरा तास झोपतो आणि पुस्तक उघडलं की दोन पानांत अडकतो. सहावं सेमिस्टर बुडालं. वडील म्हणतात वर्ष वाया घालवायचं नाही, जूनमध्ये पाठवा. आई म्हणते शिक्षण पुरे, गावातच दुकान टाकून देऊ. आणि तुम्ही विचारताय की तो पूर्ण बरा झाला हे ओळखायचं कसं, कॉलेजात काय सांगायचं, आणि गोळ्या बंद केल्या तर सुस्ती जाऊन अभ्यास होईल का.

मी डॉक्टर नाही, सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे. गोळ्या लिहून देणं माझं काम नाही. गोळ्या सुरू झाल्यावर माणूस घरात, वर्गात, नोकरीत परत कसा बसेल हे बघणं माझं काम, आणि ते बरीच वर्षं करते आहे. तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतील. सगळ्यात मोठी म्हणजे निदान. पहिल्या एपिसोडनंतर, म्हणजे आजाराच्या पहिल्या झटक्यानंतर, बरेच डॉक्टर मुद्दामच 'सायकोसिस' (भास आणि संशयात खऱ्याखोट्याचं भान सुटणं) एवढंच लिहून थांबतात, कारण पुढे तो बायपोलर निघतो, स्किझोफ्रेनिया निघतो, की गांजाचा परिणाम होता, हे कळायला काही महिने जावे लागतात. त्यावर औषधं आणि त्यांचा काळ बदलतो. तुमच्या बाजूची एक गोष्ट मात्र पक्की आहे: तुम्ही महिन्याभरात दवाखाना गाठलात. आपल्याकडे देवऋषी, बाहेरची बाधा, 'लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल' यातच वर्ष निघून जातं. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. 2015 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निम्म्या रुग्णांचे उपचारांविना 74 किंवा त्याहून जास्त आठवडे गेलेले आढळले होते. उपचार जितके लवकर, तितकं पुढचं सोपं जातं.

आता मुद्द्याचं. घरातला वाद 'जून की कधीच नाही' असा चाललाय, पण आईवडील दोघंही एकच गोष्ट धरून चाललेत: आधी पूर्ण बरं व्हायचं, मग कॉलेज. वडिलांना तो झालाय असं वाटतं, आईला तो होणार नाही अशी भीती आहे. मी हे उलट धरते. परत जाणं हा उपचारांचाच भाग आहे. फक्त बाकीच्या औषधांसारखा त्याचाही डोस ठरवावा लागतो. एकदम पूर्ण सेमिस्टर हा बहुतेक वेळा जास्त डोस होतो, आणि घरी बसवून ठेवणं म्हणजे औषधच न देणं.

यामागचं कारण असं. या आजारात सगळ्या गोष्टी एकाच वेगानं बऱ्या होत नाहीत. आवाज आणि संशय औषधानं आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत ओसरतात. लक्ष टिकणं, ऐकलेलं डोक्यात धरून लिहून घेणं, एक काम करताना दुसऱ्याचं भान ठेवणं, हे परत यायला बरेच महिने लागतात, काहींना वर्षही लागतं. घरच्यांना बाहेरून मुलगा शांत दिसतो, म्हणून तो बरा झाला असं वाटतं. तुमच्या घरी शेती आहे म्हणून तुम्हाला पटेल: पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी कोणी पेरायला जात नाही, वाफसा यावा लागतो. आणि वाफसा आल्यावर आज-उद्या करत बसलं तर तोही निघून जातो. आई जी वाट बघायला सांगताहेत, तिचा धोका हा दुसरा आहे. दीड-दोन वर्षं घरी गेलेल्या मुलाला परत वर्गात नेणं चार-सहा महिन्यांनी नेण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं. मित्र पुढे जातात, दिवसरात्र उलटी होते, आणि 'आपल्याला जमत नाही' ही गोष्ट आजारापेक्षा पक्की बसते.

मग तो तयार आहे हे ओळखायचं कसं? 'बरं वाटतंय का' हा प्रश्न बंद करा, त्याचं उत्तर नेहमी 'हो' येतं. मी काय बघते ते सांगते. कोणी न उठवता ठरल्या वेळी उठतो का. आवडीच्या विषयाचं पुस्तक किंवा व्हिडिओ घेऊन पाऊण तास बसतो का, आणि असं आठवड्यातून चार-पाच दिवस जमतं का. एकटा एसटीनं कऱ्हाडला जाऊन बँकेचं किंवा बाजाराचं काम उरकून येतो का. आणि सर्वांत महत्त्वाचं, जुना संशय मध्येच डोकावला तर तो तुमच्यापैकी कोणाला तरी सांगतो का. संशय शून्य व्हायलाच हवा असं मी धरत नाही. 'ताई, ते दोघं हसले तेव्हा क्षणभर वाटलं माझ्यावरच हसताहेत' असं म्हणू शकणारा मुलगा वर्गात बसू शकतो.

झोप आणि सुस्तीबद्दल थोडं थांबून बोलते, कारण घरात 'आळशी झालाय' हा शब्द सुरू झाला असणार. या सुस्तीची तीन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि तिन्हींवर वेगळे उपाय आहेत. एक, औषध. ओलान्झापाइनसारख्या गोळीनं झोप आणि भूक दोन्ही वाढतात. गोळी रात्री बाराला घेतली तर सकाळचं लेक्चर गेलंच. डॉक्टरांना विचारून ती आठ-साडेआठला, जेवणानंतर घेतली तर कित्येकांची सकाळ मोकळी होते. दोन, आजाराचाच उरलेला भाग: काही करावंसंच न वाटणं, बोलणं कमी होणं, चेहरा कोरा दिसणं. इथे ओरडण्याचा उपयोग नाही, छोटं ठरलेलं काम आणि सोबत लागते. तीन, खिन्नता. काय झालं ते आता त्याला कळतंय, आणि शुद्धीवर आल्यावरचे हे महिने धोक्याचे असतात. 'माझं आयुष्य संपलं', 'जगून काय करू' असं काही बोलला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

अजून एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी नेहमी तपासते. हात थरथरू नयेत, अंग आखडू नये म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल नावाची छोटी गोळी बरोबर दिली जाते. तिनं तोंड कोरडं पडतं, जवळचं वाचताना अंधुक दिसतं आणि लक्षात राहणं कमी होतं. अ‍ॅडमिट असताना ती गरजेची असते, पण नंतर काहींना तिची गरज उरत नाही आणि चिठ्ठीवर ती तशीच पुढे जात राहते. फाईलमध्ये ते नाव असेल तर पुढच्या भेटीत एवढंच विचारा, 'ही अजून लागते का?' स्वतःहून काढू नका.

गोळ्या बंद करून पाठवण्याच्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट 'नाही' आहे. अभ्यासाला औषध आड येतंय असं वाटणं साहजिक आहे, पण कॉलेज सुरू होणं आणि औषध थांबणं या दोन गोष्टी एका सेमिस्टरमध्ये कधीच येऊ देऊ नका. हाँगकाँगमध्ये पहिल्या एपिसोडनंतर औषध घेऊन निदान वर्षभर चांगले राहिलेल्या लोकांवर एक अभ्यास झाला, 2010 साली छापून आला. काहींचं औषध चालू ठेवलं, काहींना त्याऐवजी औषध नसलेली गोळी दिली. पुढच्या वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी 41 टक्क्यांना आजार उलटला, बंद केलेल्यांपैकी 79 टक्क्यांना. दोन्ही आकडे नीट बघा. औषध घेऊनही उलटू शकतो, म्हणून उद्या तसं झालं तर 'तू नक्कीच गोळी चुकवली' असा आरोप करू नका. आणि तुमचा भाऊ तर अजून चार महिन्यांवरच आहे. डोस कमी करणं, दुसरी गोळी आणणं हे डॉक्टरांशी जरूर बोला, तो त्याचा हक्क आहे, पण ते करायचं तर आत्ता घरी असताना करा, पुण्याला गेल्यावर पहिल्या महिन्यात नको. रोज गोळी घेणं त्याला नकोसं होत असेल किंवा खोलीवर चारचौघांत गोळी काढायची लाज वाटत असेल, तर महिन्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं. ते त्याला चालेल का, हेही विचारून ठेवा.

आता जूनचं. क्लार्कनं सांगितलं की अर्ज केला तर सातव्या सेमिस्टरला बसू देतील. हे खरं आहे का ते आधी परीक्षा विभागात लेखी विचारून घ्या. टर्म ग्रँट (टर्म पूर्ण झाली असं कॉलेजनं मान्य करणं) आणि एटीकेटी (राहिलेले विषय घेऊन पुढे जाणं) यांचे नियम विद्यापीठागणिक आणि स्वायत्त कॉलेजागणिक बदलतात, तोंडी आश्वासनावर फी भरू नका. पण बसू दिलं तरी बसवू नका असं मी म्हणेन. सातवं सेमिस्टर, प्रोजेक्ट, प्लेसमेंटची धावपळ, वर सहाव्याचे सगळे बॅकलॉग: दोन पानांत अडकणाऱ्या मुलासाठी हे ठरवून अपयश आहे. सहावी टर्म पुढच्या जानेवारीत परत येतेय, म्हणजे हातात जुलै ते डिसेंबर आहे. वडिलांना हे 'वाया गेलेलं वर्ष' म्हणून दाखवू नका, या सहा महिन्यांचं वेळापत्रक दाखवा.

मी ते असं आखेन. जुलैत एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीतले प्राध्यापक ऑनलाइन शिकवतात त्यातला, आठ आठवड्यांचा एकच कोर्स, त्याच्या आवडत्या विषयाचा. शिकायला पैसे पडत नाहीत, दर आठवड्याला असाइनमेंट असते, आणि आठ आठवडे ती वेळेत जमा झाली तर लक्ष परत येतंय याचा कागदावरचा पुरावा मिळतो. परीक्षा द्यायची की नाही ते नंतर बघा. त्याबरोबर दिवसाचे दोन-तीन तास घराबाहेर, लोकांत. ओळखीचं गॅरेज, वर्कशॉप, तालमीजवळची अभ्यासिका, काहीही. आईंचं दुकान मला अजिबात टाकाऊ वाटत नाही, मामाच्या दुकानात सकाळी दोन तास बसणं हे उत्तम काम आहे. फक्त ते 'आता तुझं हेच' म्हणून नको. ऑक्टोबरमध्ये दोन-तीन दिवस पुण्याला जाऊन यायचं, कॉलेजात फिरायचं, संध्याकाळी परत. नोव्हेंबरात राहण्याची सोय, जानेवारीत टर्म. जूनला कॉलेज नाही म्हणून हिरमुसला तर त्याला हे सगळं त्याच्याच वहीत लिहायला लावा.

इथे एक खटकलेली गोष्ट सांगते. वडील काय म्हणतात, आई काय म्हणते, क्लार्क काय म्हणतो, हे सगळं तुम्ही लिहिलंत. तो काय म्हणतो ते कुठेच नाही. त्याला मेकॅनिकल करायचं होतं का? परत त्याच कॉलेजात जायची इच्छा आहे, की शाखा बदलायची, की डिप्लोमाच्या मित्रासारखं एमआयडीसीत लागायचं आहे? आजारानंतर घरचे सगळे निर्णय त्याच्या डोक्यावरून घ्यायला लागतात, प्रेमानेच घेतात, आणि मुलगा गप्प होत जातो. त्याचा गप्पपणा म्हणजे होकार नव्हे.

त्याला नोकरीच करायची असेल तरी तत्त्व तेच. 1990 च्या दशकात अमेरिकेत एक पद्धत सुरू झाली: महिनोन्‌महिने प्रशिक्षण देत बसण्यापेक्षा माणसाला आवडीच्या खऱ्या कामावर लवकर लावायचं आणि मागे आधाराला एक माणूस ठेवायचा. युरोपातल्या सहा केंद्रांत ती नेहमीच्या पुनर्वसनाशी ताडून पाहिली, 2007 साली निकाल आले: या पद्धतीने 55 टक्के लोकांनी खुल्या बाजारात काम मिळवलं, नेहमीच्या पद्धतीने 28 टक्क्यांनी. आपल्याकडे अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे, म्हणून तो मागचा माणूस बहुतेक घरांत बहीण, मामा किंवा ओळखीचा मुकादम असतो. कामाची एकच अट मी घालते: रात्रपाळी नको. जागरणानं जितके एपिसोड उलटलेले पाहिलेत तितके कामाच्या ताणानं नाही.

पुण्यातल्या राहण्याबद्दलही तेच. दोन गोष्टींवर मी अडून बसते, झोप आणि गांजा. सहा जणांच्या खोलीत रात्री तीनपर्यंत दिवा आणि पबजी असेल तर ती खोली नको, थोडे पैसे जास्त गेले तरी दोघांची बघा. सबमिशनच्या आठवड्यात नाइट मारणं बंद, एनर्जी ड्रिंक बंद. गांजाबद्दल त्याला सरळ विचारा, दरडावू नका. इंजिनीअरिंगच्या खोल्यांवर तो असतोच, आणि एकदा सायकोसिस होऊन गेलेल्या मेंदूला तो चालत नाही, मित्रांना चालला तरी.

कॉलेजात काय सांगायचं? तीन जागी तीन मापं. ऑफिसला फक्त कागद हवा असतो. डॉक्टरांकडून 'अमुक ते अमुक काळ वैद्यकीय उपचार सुरू होते, आता शिक्षण सुरू ठेवण्यास हरकत नाही' एवढं सर्टिफिकेट घ्या. त्यात आजाराचं नाव लिहायलाच हवं असं नाही, तशी विनंती करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 23 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं, म्हणजे कॉलेजातून फोन गेला तरी हॉस्पिटलनं त्याच्या परवानगीशिवाय माहिती द्यायची नाही. दुसरी जागा म्हणजे एक शिक्षक. जीएफएम (मुलांच्या एका गटाची जबाबदारी दिलेले शिक्षक) असतील किंवा ज्यांच्याशी त्याचं पटतं ते. त्यांना निदान नव्हे, गरज सांगायची: फॉलोअपच्या तारखेला गैरहजेरी लागेल, वर्गातून पाच मिनिटं बाहेर जायला लागलं तर जाऊ द्या, ओरलला आधी नंबर लावा, चार दिवस दिसला नाही तर या नंबरवर कळवा. शिक्षकांना आजाराची नावं घाबरवतात, नेमकी विनंती मात्र बहुतेक जण मान्य करतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राबद्दल लोक लगेच विचारतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे, आरक्षणासारख्या लाभांसाठी 40 टक्क्यांची अट आहे, पण पहिल्या चार महिन्यांत त्यामागे धावू नका. पुढे गरज राहिली तर तो रस्ता आहे.

तिसरी जागा मित्र, आणि खरी अडचण इथेच असते. आजारातलं आपलं वागणं बहुतेकांना आठवतं. तुमच्या भावाला ग्रुपवरचे ते मेसेज आठवत असणार, आणि कोणी स्क्रीनशॉट ठेवलेत का हाही विचार असणार. कॉलेजला जायला का कू करणारी मुलं बऱ्याचदा अभ्यासाला घाबरत नसतात, पहिल्या दिवशी दारातून आत जाण्याला घाबरत असतात. त्यासाठी एक वाक्य आधी तयार ठेवायचं, त्याच्याच भाषेत, आणि ते घरी दोन-चारदा मोठ्यानं म्हणून बघायचं. 'जानेवारीत तब्येत फार बिघडली होती, अ‍ॅडमिट होतो, तेव्हा काय लिहिलं ते माझं मला कळत नव्हतं. आता औषधं चालू आहेत.' बस. पुढे कोणी खोदून विचारलं तर 'ते सोड' म्हणायची मुभा. सरांना भेटून बोलायचं असेल तर बोलू द्या, पण माफी मागायला घरच्यांनी ढकलू नका. जानेवारीत त्याची बॅच बदललेली असेल, जुने चेहरे पुढच्या वर्षात गेलेले असतील. वर्ष मागे पडण्याचा हा फायदा मुलं मला नंतर सांगतात.

जायच्या आधी एक पान त्याच्या हातानं लिहून घ्या. डिसेंबरच्या शेवटी, सगळं बिघडायच्या आधीच्या दोन आठवड्यांत काय-काय बदललं होतं? प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात. कोणी मेसचं जेवण सोडून फक्त बंद पाकिटातलं खातो, कोणी अंघोळ सोडतो, कोणी फोनचा कॅमेरा झाकतो, कोणाची नुसती झोप तीन तासांवर येते. त्या खुणांखाली लिहायचं: यातल्या दोन दिसल्या तर कोण कोणाला फोन करेल, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे कोण नेईल. एक रूममेट, त्याच्या परवानगीनं, तुमचा नंबर ठेवेल. पुण्यात फॉलोअप कुठे घ्यायचा हेही आत्ताच ठरवा. कऱ्हाडचे डॉक्टर सोडायचे नसतील तर दर महिन्याची तारीख शनिवारची मागा, म्हणजे लेक्चर बुडत नाही. मध्येच रात्री-अपरात्री काही विचारायचं झालं तर केंद्र सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्हाला स्वतःला बोलावंसं वाटलं तरी तोच नंबर चालतो.

पुढच्या फॉलोअपला वडिलांना बरोबर न्या. बहिणीनं घरी येऊन सांगितलेलं ते ऐकणार नाहीत, डॉक्टरांच्या तोंडून ऐकतील. आणि आत जाताना पहिली पाच मिनिटं भावाला एकट्याला बोलू द्या, तुम्ही दोघं बाहेर बाकावर थांबा.